मोतीबिंदूच्या सावलीतला काचबिंदू



आमच्या हिवरखेड भागात डोळ्याच्या कुठल्याही दुखण्याला एकच नाव आहे, मोती. म्हातारपणी कमी दिसलं की मोती. एक डोळा धूसर झाला की मोती. कपाळ ठणकून डोळा लाल झाला तरी शेजारीण सांगते, "मोतिया पिकून राह्यला बाई तुया. पिकू दे, मंग कापून आणू." या एका नावाखाली दुसरा एक आजार वर्षानुवर्षं लपून बसला आहे. त्याचं नाव काचबिंदू. दोघांच्या नावात बिंदू आहे, एवढंच साम्य. मोतीबिंदूनं गेलेली नजर ऑपरेशननं परत येते. काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. आहे तेवढी राखता येते, तीही वेळेत कळलं तर.

हा आजार लपला कसा आणि आपल्या देशात तो किती जणांना आहे हे कधी मोजलं गेलं, त्याची गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत. गोष्ट जुनी आहे, पण गटातल्या चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईशी तिचा संबंध आहे.

आधी डोळ्याच्या आत काय चालतं ते पाहू. डोळ्याच्या आत एक पाणी सतत तयार होत असतं. हे अश्रू नव्हेत, अश्रू बाहेरचे. हे आतलं पाणी डोळ्याच्या पुढच्या भागात फिरतं, तिथल्या अवयवांना पोसतं आणि बुबुळाच्या कडेच्या कोपऱ्यातून, जाळीसारख्या बारीक नालीतून निघून रक्तात मिसळतं. जेवढं येतं तेवढं जातं, म्हणून डोळ्याच्या आतला दाब सारखा राहतो. वान धरणाचा कालवा ज्यांच्या शेताजवळून जातो त्यांना हे समजवायला नको. पाटात गाळ साचला तर पाणी हळूहळू तुंबतं. फाटकच पडलं तर एकदम चढतं. डोळ्यात पाणी तुंबलं की मागच्या नसेवर ताण येतो. ही नस म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणारी तार. तिच्यात दहा लाखांच्या आसपास बारीक धागे असतात आणि ते एकेक करून सुकत जातात. "नस सुकली" असं डॉक्टर म्हणतात ते हेच.

गाळ साचावा तसा जो प्रकार होतो त्याला उघड्या कोनाचा काचबिंदू म्हणतात. फाटक पडावं तसा जो होतो तो बंद कोनाचा. हे दोन मुख्य प्रकार. याशिवाय मार लागून, औषधानं किंवा पिकलेल्या मोतीबिंदूमुळे होणारा काचबिंदू वेगळा, आणि लेकरू जन्मालाच घेऊन येतं तो आणखी वेगळा. त्यांच्याकडे पुढं येऊच.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या सुश्रुतसंहितेत डोळ्याच्या आजारांची मोठी यादी आहे. मोतीबिंदूवर सुईनं करायची शस्त्रक्रिया तिच्यात आहे, हे शाळेतल्या पुस्तकामुळे पुष्कळ जणींना माहीत असेल. त्याच ग्रंथात अधिमंथ नावाचा एक रोग आहे. मंथ म्हणजे घुसळणं. डोळा कोणी रवीनं घुसळतंय, उपटून काढतंय असं वाटतं, अर्धं डोकं फुटल्यासारखं दुखतं आणि उपचार झाला नाही तर थोड्या दिवसांत नजर जाते, असं त्याचं वर्णन आहे. आजचे जाणकार हे वर्णन बंद कोनाच्या काचबिंदूच्या झटक्याशी जोडतात. ताक घुसळणाऱ्या बाईला हा शब्द लगेच कळेल. पुस्तकात मात्र तो संस्कृतातच राहिला, आपल्या बोलीत आलाच नाही.

शब्दांचा घोटाळाही तेव्हापासूनचा आहे. आयुर्वेदात नजर जाण्याच्या पायऱ्या तिमिर, काच आणि लिंगनाश अशा सांगितल्या आहेत. म्हणजे 'काच' हा शब्द तिथं, आज आपण ज्याला मोतीबिंदू म्हणतो त्याच वाटेवरचा आहे. युरोपातही वेगळं नव्हतं. काचबिंदूला ग्लॉकोमा म्हणतात तो ग्रीक शब्द आहे, निळसर-हिरवट रंगाचा. बाहुलीत तसा रंग दिसला की ग्लॉकोमा, असा त्यांचा ठोकताळा होता आणि त्यात कितीतरी मोतीबिंदूही जमा होत. १७०५ साली ब्रिसो नावाच्या एका फ्रेंच डॉक्टरानं मेलेल्या सैनिकाचा डोळा उघडून पाहिला तेव्हा मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंग गढूळ होणं, हे हळूहळू मान्य होऊ लागलं. तोवर मोठमोठे वैद्यसुद्धा आपल्या शेजारणीसारखंच बोलत होते.

डोळ्याच्या आत डोकावून मागची नस पाहायचं साधन जर्मनीत १८५१ साली हेल्महोल्ट्झ यांनी बनवलं. सहा वर्षांनी, १८५७ मध्ये, बर्लिनच्या ग्रेफे या तरुण डॉक्टरानं बुबुळाचा छोटा तुकडा काढून काचबिंदूचा झटका थांबवता येतो, हे दाखवलं. त्याआधी झटका आलेला डोळा गेला म्हणूनच समजायचा. पण हीच शस्त्रक्रिया दुसऱ्या रुग्णांना काही केल्या लागू पडेना. काहींना पडते, काहींना नाही, असं का? त्याचं नीट उत्तर यायला ऐंशी वर्षं गेली. १९३८ मध्ये अमेरिकेतल्या बार्कन यांनी नालीचा कोपरा भिंगातून पाहून उघडा कोन आणि बंद कोन अशी विभागणी मांडली. दोन्ही प्रकारांत नस सुकते, पण तुंबण्याचं कारण निरनिराळं. म्हणून उपायही निरनिराळे.

याच काळात आपल्या देशात काय चाललं होतं? गावोगाव फिरून सुईनं मोती पाडणारे लोक होते. सुई घालून गढूळ भिंग ते डोळ्यात खाली ढकलून देत. बाईला तिथल्या तिथं उजेड दिसे, बोटं मोजता येत, घरचे आनंदानं पैसे देत आणि मोती पाडणारा पुढच्या गावी जाई. ढकललेलं भिंग मात्र डोळ्यातच पडून असे. पुढं कित्येक डोळे सुजत, कित्येकांत पाणी तुंबून काचबिंदू होई. मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयात रॉबर्ट हेन्री इलियट नावाचे डॉक्टर होते. हे रुग्णालय १८१९ पासूनचं, जगातल्या जुन्या नेत्र रुग्णालयांपैकी एक. असे बिघडलेले डोळे त्यांच्याकडे सतत येत. त्यांनी त्यांच्या नोंदी ठेवल्या आणि या सुईच्या विद्येवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. काचबिंदूसाठी १९०९ मध्ये त्यांनी एक नवी शस्त्रक्रियाही काढली. डोळ्याच्या कडेला बारीक गोल भोक पाडायचं आणि तुंबलेल्या पाण्याला वाट करून द्यायची. पुढं कितीतरी वर्षं जगभरचे डॉक्टर ती करत होते. आज काचबिंदूचं जे नेहमीचं ऑपरेशन होतं ते १९६८ मध्ये केर्न्स यांनी मांडलेलं, पण पाण्याला नवी वाट देण्याची कल्पना त्यातही तीच आहे. मद्रासच्या दवाखान्यात रांगेत बसलेल्या गरीब बाया-माणसांवरून शिकलेली विद्या सातासमुद्रापार गेली, हे आम्हाला विशेष वाटतं.

पण हे शहरातलं. खेड्यात काचबिंदू किती, हे कोणी पाहिलं होतं? इंग्रजांच्या काळात जनगणनेत अंधांची मोजणी होत असे. १८८१ पासून १९३१ पर्यंत दर दहा वर्षांनी वेडे, मुके-बहिरे, अंध आणि कुष्ठरोगी असे रकाने भरले जात. त्यात आपला वऱ्हाडही होता. माणूस आंधळा आहे की नाही, एवढंच विचारायचं. कशानं झाला, याला रकाना नव्हता. देवीनं डोळे गेलेलं लेकरू, खुपऱ्यांनी पापण्या वळलेली बाई, मोतीबिंदूचा म्हातारा आणि काचबिंदूची म्हातारी, सगळे एकाच आकड्यात. एका डोळ्यानं अधू माणसाची तर गणतीच नव्हती. आपल्या अमरावती जिल्ह्यातले प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज १८८१ सालचेच. नऊ महिन्यांचे असताना त्यांची दृष्टी गेली. ते संत झाले, ग्रंथ रचले, म्हणून त्यांचं नाव राहिलं. त्यांच्याच वयाची, त्यांच्याच मुलखातली किती लेकरं आणि किती बाया त्या रकान्यात नुसता आकडा होऊन राहिल्या असतील.

स्वातंत्र्यानंतर सरकारनं आधी खुपऱ्यांकडे लक्ष दिलं. त्यासाठी १९६३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम आला आणि त्याचा सारा भर मोतीबिंदूवर राहिला. ते बरोबरच होतं, कारण देशातलं निम्म्याहून जास्त अंधत्व मोतीबिंदूचं आणि तेही बरं होणारं. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या कर्जातून सात राज्यांत मोतीबिंदूचं मोठं काम झालं. त्यात महाराष्ट्र होता. आपल्याकडची शिबिरं, शाळेच्या वर्गात घातलेल्या सतरंज्या, डोळ्यावर हिरवी पट्टी आणि परतीला काळा चष्मा, हे चित्र त्याच वर्षांतलं. आपल्या आयांनी आणि सासवांनी शिबिरातच डोळे करून घेतले. त्याआधी हिवरखेडच्या लोकांना छोट्या रेल्वेनं अकोल्याला जावं लागे. ती गाडीही आता बंद झाली.

शिबिरांनी लाखो लोकांना नजर दिली. त्यांच्याबद्दल आमच्या मनात आदरच आहे. पण शिबिरात टॉर्च मारून पाहतात तेव्हा पांढरा मोती दिसतो. काचबिंदूचा डोळा टॉर्चखाली स्वच्छ, काळाभोर, चांगला दिसतो. भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरंही ती बाई वाचते. मग तिला सांगतात, "आजी, तुम्हाला मोती नाही, चष्मा लावा." ती घरी येऊन सांगते, "डोये चांगले हायेत म्हणे." आजार तिथंच बसलेला.

उलटंही होतं आणि ते जास्त वाईट. एखादीला मोतीही असतो आणि आत नसही सुकलेली असते. मोतीचं ऑपरेशन नीट होतं, पट्टी निघते आणि तरीही तिला धड दिसत नाही. मग गावात एकच बोललं जातं, ऑपरेशन बिघडलं. ते ऐकून आणखी चार जणी जायच्या राहतात. आमच्या भागात एका मावशीच्या बाबतीत असंच झालं. दोन वर्षं तिच्या गल्लीतून कोणी शिबिराला गेलं नाही. तिला काय झालं होतं हे नंतर एका डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं, तेव्हा कुठे बोलणं थांबलं.

खेड्यातला काचबिंदू खऱ्या अर्थानं मोजला गेला तो १९९० नंतर. तक्ता वाचून घेण्यावर न थांबता दाब पाहायचा, कोपरा पाहायचा, नस पाहायची, कडेच्या नजरेची मशीनवर परीक्षा घ्यायची आणि तेही दवाखान्यात आलेल्यांची नाही, तर घरोघरच्या लोकांची. अशा पाहण्या वेल्लोरला, हैदराबादला, मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयानं दक्षिण तामिळनाडूच्या खेड्यांत, आणि चेन्नईला झाल्या. सगळ्या दक्षिणेकडच्या. आपल्या विदर्भातली पाहणी नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटनं केली. २००६ साली सुरू झालेल्या या कामात नागपूरपासून सुमारे ४० किलोमीटरवरच्या आठ खेड्यांतले तीस वर्षांपुढचे ४७११ लोक तपासले. डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीतले डॉ. योनास यांनी ते चालवलं. तपासलेले लोक आपल्यासारखेच होते. कापूस, तूर, सोयाबीन, ऊन आणि कष्ट. त्यांच्यात शंभरामागे दोन ते तीन जणांना काचबिंदू निघाला. त्यातही उघड्या कोनाचे जास्त, बंद कोनाचे कमी.

दक्षिणेचे आकडेही याच्या जवळपासचे. अरविंदच्या पाहणीत चाळिशीपुढच्या ५१५० लोकांत २.६ टक्के. वेल्लोरचा आकडा मात्र वेगळाच. तिथं तीस ते साठ वयाच्या लोकांत बंद कोनाचा काचबिंदू ४.३२ टक्के निघाला आणि उघड्या कोनाचा अर्ध्या टक्क्याहूनही कमी. हैदराबादला उलट, उघड्याचा जास्त आणि बंद कोनाचा सुमारे एक टक्का. असा फरक का, यावर तज्ज्ञांनी पुष्कळ चर्चा केली. बंद कोन कशाला म्हणायचं याची व्याख्या तेव्हा प्रत्येक ठिकाणी वेगळी होती, हे त्यातलं एक कारण. पण एक गोष्ट सगळीकडे सारखी दिसली. बंद कोनाच्या बहुतेकांना घुसळल्यासारखा झटका कधी आलाच नव्हता. फाटक हळूहळू, आवाज न करता पडत होतं.

दुसरी सारखी गोष्ट अजून महत्त्वाची. अरविंदच्या पाहणीत ज्यांना काचबिंदू निघाला त्यांच्यापैकी ९३ टक्के लोकांना तो आहे हे आधी कोणी सांगितलंच नव्हतं. श्रीमंत देशांतही निम्म्या लोकांना माहीत नसतं, पण आपल्याकडे दहातल्या नऊ जणांना. आता आपल्या गावाचा हिशोब करा. चाळिशीपुढची हजार माणसं असतील तर त्यांत पंचवीस-एक जणांना काचबिंदू आणि त्यातल्या बावीस-तेवीस जणांना पत्ताच नाही. देशाचा हिशोब २०१० मध्ये चेन्नईच्या डॉक्टरांनी मांडला होता. चाळिशीपुढच्या लोकांत सुमारे १ कोटी १२ लाखांना काचबिंदू. त्यात उघड्या कोनाचे ६४ लाख ८० हजार, बंद कोनाचे २५ लाख ४० हजार, बाकीचे इतर प्रकारचे. जगात २०२० साली ७ कोटी ६० लाख असतील आणि २०४० पर्यंत ११ कोटींवर जातील, असा अंदाज आहे.

सरकारच्या २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधांत मोतीबिंदूचा वाटा ६६.२ टक्के आणि काचबिंदूचा ५.५ टक्के आला. हा आकडा ऐकून कोणी म्हणेल, साडेपाचच तर आहे. पण ६६ जणांचं अंधत्व ऑपरेशननं जातं, साडेपाचांचं जात नाही. शिवाय अशा पाहणीत समोरचं किती दिसतं हेच प्रामुख्यानं पाहिलं जातं. काचबिंदूत कडेची नजर आधी जाते, मधली शेवटी. हंड्यात तोंड घालून पाहावं तसं मधलं तेवढं दिसत राहतं. आमच्या गटातल्या एक आजी ठासून सांगतात, "अजून सुईत दोरा ओवतो मी." खरंच ओवतात. दोरा ओवायला, तांदळातले खडे निवडायला मधली नजर पुरते. पण बाजूनं आलेली मोटरसायकल दिसत नाही, दाराच्या चौकटीला खांदा धडकतो, पायातलं वासरू दिसत नाही. त्या आजींनी डोळ्यांचा दाब तपासून घेतला आणि तो ठीक निघाला, हेही सांगतो, नाहीतर त्या आमच्यावर रागावतील.

आता बायांचं. २००६ मध्ये जगभरच्या पाहण्या एकत्र करून अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी हिशोब काढला, की काचबिंदूच्या शंभर रुग्णांत ५९ बाया असतात आणि बंद कोनाच्या शंभरांत ७०. बाईचा डोळा थोडा लहान, पुढची जागा उथळ आणि कोपरा अरुंद असतो. वय वाढतं तसं भिंग जाड होऊन तो आणखी अरुंद होतो. संध्याकाळी अंधारात बाहुली मोठी झाली की फाटक पडायला निमित्त मिळतं. डोळा लाल, दिव्याभोवती रंगीत कडी, कपाळात ठणका आणि उलट्या. यातली उलटी सगळ्यांना दिसते आणि घरचे म्हणतात पित्त झालं, अर्धशिशी उठली. लिंबू-मिठाचं पाणी पाजून बाईला अंधाऱ्या खोलीत निजवतात. तोच अंधार तिच्या डोळ्याला नडतो. अशा वेळी रात्र न काढता त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचं असतं, तासांचाही हिशोब असतो. कोपरा अरुंद आहे हे आधी कळलं तर लेझरनं बुबुळाला बारीक छिद्र पाडतात. काही मिनिटांचं काम असतं.

मोती पिकू द्यायची रीतही इथंच सांगायला हवी. पूर्वीच्या ऑपरेशनच्या पद्धतीत डॉक्टरही पिकेपर्यंत थांबा म्हणत. ती पद्धत गेली, सल्ला मात्र गावात राहिला. जास्त पिकलेला मोती फुगतो आणि फाटक बंद करतो, किंवा पाझरतो आणि नाली बुजवतो. आपल्या देशात अशा काचबिंदूचे रुग्ण अजूनही येतात, आणि त्यात घरात सगळ्यांचं झाल्यावर जिचा नंबर लागतो ती बाई असतेच. तुरीच्या फणकटाचा, पऱ्हाटीचा, बैलाच्या शिंगाचा, लेकरांच्या विटीचा मार डोळ्याला लागला तर डोळा वरून बरा दिसला तरी वर्षांनंतर दाब वाढू शकतो. मार लागलेला डोळा दरवर्षी तपासायचा.

औषधानं होणारा काचबिंदू ही आपल्या काळानं आणलेली भर आहे. उन्हाळ्यात आपल्या भागात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. धूळ उडते, पोरं डोळे चोळून चोळून लाल करतात. दुकानातून एक बाटली आणली जाते, तिच्यात स्टेरॉइड असतं. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन अशी त्यांची नावं. दोन दिवसांत खाज थांबते. मग दर उन्हाळ्यात, चिठ्ठीशिवाय, तीच बाटली. डॉक्टरच्या देखरेखीत हे औषध उपयोगाचं आहे. पण महिनोन्‌महिने आपल्या मनानं घातलं तर काही लेकरांच्या डोळ्यांचा दाब चढतो आणि ते लेकरू काही सांगत नाही, कारण त्याला दुखत नाही. जन्मजात काचबिंदूचं आणखी वेगळं. बाळाचे डोळे मोठे, टपोरे, उजेडात मिटणारे, सतत पाणी गळणारे. घरी सगळे कौतुक करतात. आंध्र प्रदेशातल्या अभ्यासात ३३०० जन्मांमागे एक असं बाळ आढळलं. जवळच्या नात्यात लग्नं होतात तिथं हे प्रमाण वाढतं. मामाच्या मुलीचं स्थळ ठरवताना हे कोणी विचारत नाही.

औषधांचा इतिहास मात्र दिलासा देणारा आहे. १८७० च्या दशकात एका ब्राझिली झाडाच्या पानांतून पिलोकार्पिन निघालं. जवळपास शंभर वर्षं तेच मुख्य औषध होतं. त्यानं बाहुली बारीक होई आणि संध्याकाळी बाईला अंधुक दिसे. १९७८ च्या सुमारास टिमोलॉल बाजारात आलं, १९९६ मध्ये लॅटानोप्रॉस्ट. आता अनेकांना दिवसातून एकदा किंवा दोनदा थेंब टाकून भागतं. पण ते रोज आणि जन्मभर, बीपीच्या गोळीसारखं. इथं आपल्या बाया अडखळतात. थेंब टाकून नजर सुधारत नाही, जाणवत काहीच नाही आणि पैसे दर महिन्याला लागतात. मोतीचं ऑपरेशन एकदाचा खर्च, गटातून अंतर्गत कर्ज घ्यायला कोणाला लाज वाटत नाही. थेंबांसाठी कर्ज मागायला बाई उठत नाही. आमच्या तीन गटांनी यासाठी ठराव करून आजारपणाच्या निधीतून दर महिन्याला थेंबांचे पैसे द्यायला सुरुवात केली आहे. परतफेड सावकाश, व्याज नाही. एका गटात त्यावर वादही झाला, "रोजचं औषध ते कर्ज कसलं?" अजून चालू आहे तो वाद.

गटाच्या नोंदवहीत आम्ही एक पान डोळ्यांसाठी काढलं आहे. चाळिशीपुढच्या प्रत्येकीचं नाव, डाव्या आणि उजव्या डोळ्याचा दाब वेगवेगळा, तपासल्याची तारीख, आणि घरात कोणाला काचबिंदू आहे का. सख्ख्या भावा-बहिणीला किंवा आईवडिलांना असेल तर आपल्याला धोका कितीतरी पटींनी जास्त, म्हणून तो शेवटचा रकाना. तपासायला गेल्यावर "चष्म्याचा नंबर काढा" एवढंच म्हणून भागत नाही. "डोळ्याचं प्रेशर पाहा आणि मागची नस पाहा" असं स्पष्ट सांगा. प्रेशर साधारण १० ते २१ च्या दरम्यान असतं, पण बऱ्याच जणांची नस त्याच्या आतल्या दाबातही सुकते, म्हणून दोन्ही पाहायचं. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी कोणत्या वारी बसतात हे आशाताईंना विचारा. पुढची तपासणी लागली तर अकोल्याचं सर्वोपचार किंवा अमरावतीचं इर्विन आहे. घरी एक करता येतं. एक डोळा हातानं झाकून दुसऱ्यानं पाहा, मग बदला. कितीतरी जणींना एक डोळा गेल्याचं दुसऱ्यात कचरा गेल्यावर कळतं.

ज्यांचे थेंब चालू आहेत त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी. दमा असेल तर टिमोलॉल सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगायचं. खालची पापणी ओढून एकच थेंब, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं दोन मिनिटं दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं सोडायची. बाटलीचं टोक डोळ्याला लावायचं नाही. बाटली उघडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर लिहून ठेवायची आणि महिन्यानंतर उरलेलं औषध वापरायचं नाही, अर्धी बाटली शिल्लक असली तरी.